सोनं आहे तसं दिसावं म्हणून

नाशिकचा सराफ बाजार. गोदाघाट इथून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी चढू लागलं की इथले दुकानदार माल हलवायच्या तयारीला लागतात. एरवी दिवसभर गल्लीत गर्दी असते. पण हल्ली गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधीच दागिना त्याच्या मोबाईलवर पोचलेला असतो. पुण्यात किंवा दुबईत बसलेल्या मुलीला फोटोत दिसेल तोच तिचा दागिना. त्यामुळे तो फोटो खरा असायला हवा.

दागिन्यांचे फोटो काढायच्या माडीवरच्या या खोलीत उत्तरेला खिडकी आहे. कॅमेरा हातात घेण्याआधी खोलीतले सगळे दिवे बंद होतात. पिवळा बल्ब आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की सोन्याची एक बाजू तांबूस येते, दुसरी निळसर. मग कॉम्प्युटरवर कितीही खटपट करा, रंग जुळत नाही.

आता ही ठुशी बघा. एकेका मण्यात अख्खी खोली उमटली आहे: खिडकी, कॅमेरा, फोटो काढणाऱ्याचा लाल शर्टसुद्धा. म्हणून सगळी मेहनत दागिन्याच्या भोवतालावर होते. तिन्ही बाजूंनी बटरपेपर लावला, उजेड मऊ झाला. पण नुसता मऊ उजेड दिला तर सोनं प्लास्टिकसारखं सपाट दिसतं. आता बटरपेपरच्या आत, एका कडेला काळ्या कार्डाची बोटभर रुंदीची पट्टी उभी केली. बघा, प्रत्येक मण्याला काळसर कड आली, गोलाई आली. या कामातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच.

मोत्याच्या नथीला हा मऊ उजेड मानवतो. हिऱ्याला नाही, बटरपेपरमागे हिरा मलूल होतो. त्याच्यासाठी छोटा एलईडी टॉर्च थेट मारायचा, तेव्हा पैलू चमकतात.

नथीची अडचण वेगळी. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने फोटो घेताना लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. पुढचा मोती नीट आला, तर मागची तार पुसट. मग कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून फोकस थोडा थोडा मागे नेत बरेच फोटो घ्यायचे आणि ते एकत्र जोडायचे. मोबाईल असेल तर दागिन्याला चिकटू नका. थोडं मागे सरकून दुप्पट झूम करा, आकार वेडावाकडा होत नाही.

घड्याळात त्रास काचेचा. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला. त्यांची चावीची घड्याळं अजून घराघरांत जपलेली सापडतात. पोलरायझर फिल्टर काचेवरची चमक कमी करतो, धातूवरची नाही. तिथे पुन्हा कार्डच. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवायचे, म्हणजे बाराखालचं नाव झाकलं जात नाही.

शेवटी कॉम्प्युटर. धुळीचा कण पुसावा, तो दागिन्याचा नाही. जुन्या पाटलीवरचा ओरखडा मात्र तसाच राहू द्यावा, आणि रंग जास्त पिवळा तर मुळीच करू नये. हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचा, फोटो वेगळा घ्यावा, उजेड अगदी तिरपा देऊन. तेव्हाच एचयूआयडीची, म्हणजे दागिन्याच्या ओळख क्रमांकाची, सहा अक्षरं-आकडे वाचता येतात आणि घेणाऱ्याला ती भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर स्वतः तपासता येतात.