नऊवारीचा कागद

हा आवाज मिक्सरचा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर, सकाळचे सात वाजलेत आणि ताई कागद बनवायला भिजवलेल्या चिंध्या वाटतायत, एक मिक्सर आधीच जळलाय, हा दुसरा. चिंध्या आजींच्या नऊवारीच्या, सुती, धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की नुसत्या हाताने टरकन फाटली, मग तिचे नखाएवढे तुकडे केले, दोन दिवस भिजवले, सोडा घालून उकळले, परत धुतले.

ताई इथेच फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग शिकल्या. तिथे काही काळ चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर शिकवायला होते, ज्यांनी पुढे कागदाच्या लगद्यातूनच जखमा उमटवल्या, शाई नाही, रंग नाही, पांढऱ्यावर पांढरं. ते काम बघितल्यापासून ताईंच्या डोक्यात हेच, की कागदावर नंतर काढू, आधी कागदच बनवू.

त्यांच्या या कामात पाच पानं आहेत, कागद जिथे जिथे गेला तिथली एकेक.

पहिलं चीनचं. इसवी सन 105 मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने तिथल्या बादशहाला कागदाची कृती सादर केली, झाडाची साल, चिंध्या, मासे धरायची जुनी जाळी. कागद त्याच्या आधीही होता, जुने तुकडे सापडलेत, पण नाव त्याचं राहिलं. ताईंना जाळी मिळाली ती नायलॉनची, तिचा कुठला लगदा होणार, म्हणून त्यांनी सुतळी घातली.

दुसरं समरकंदचं. 751 च्या, मध्य आशियातल्या तलासच्या लढाईतल्या चिनी कैद्यांनी ही विद्या तिथे दिली असं सांगतात, पण व्यापारी आणि बौद्ध भिक्षू त्याआधीच त्या वाटेने कागद नेत होते, आणि मला तेच जास्त पटतं. तिकडे कागदाला खळ लावून दगडाने घोटायचे. ताईंनी त्यासाठी खंबातचा अकीक दगड आणला, आपल्या जवळचाच ना, आणि तासभर घोटल्यावर पान असं झालं की बोट घसरतं, हे बघा, उजेड कसा सरकतोय त्याच्यावर.

तिसरं पान माझं सगळ्यात आवडतं, गुजरातचं. इथल्या जैन पोथ्या आधी ताडपत्रावर असायच्या, पानाला भोक, त्यातून दोरी. मग कागद आला, दोरीची गरज संपली, तरी लिहिणाऱ्यांनी पान तसंच आडवं लांबट ठेवलं आणि भोकाच्या जागी एक सुंदर ठिपका काढत राहिले, कितीतरी वर्षं! हाताची सवय आहे ती, नवी वस्तू घरात आली तरी तिला आपल्या घरचं वळण लावायचं. ताईंच्या पानावर दुसरं काही नाही, तो एक लाल ठिपका फक्त.

चौथं काश्मीरचं, पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनने समरकंदहून कागदाचे कारागीर आणवले, तिथलं.

आणि पाचवं हे, आजींचं. इटलीत फाब्रियानोला 1282 च्या सुमारास कागदात पाण्याची खूण घालायला लागले, साच्याच्या जाळीवर तारेची आकृती शिवायची, तिथे लगदा पातळ बसतो आणि पान उजेडात धरलं की आकृती दिसते. ताईंनी तांब्याची तार वाकवून शिवली. आकृती म्हणजे आजींच्या वडिलांची मोडीतली सही, ते गायकवाड सरकारच्या दफ्तरात कारकून होते.

या पाचव्याचे पहिले दोन प्रयत्न साच्यालाच चिकटून फाटले. तिसऱ्या खेपेला पान निघालं, गच्चीत वाळलं, काठाचा एक लाल धागा वाटला गेला नव्हता तो तसाच राहिलाय कोपऱ्यात.

ताईंनी पान खिडकीशी धरलं. आजी जवळ आल्या, चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं उलटं धरलंयस," आजी म्हणाल्या, "फिरव, बाबांची सही अशी नव्हती."

ताईंनी पान फिरवलं.