कॅनडा २०२५ : पॉलिएव्ह यांची मतं नेमकी गेली कुठे?

चार मतं. कॅनडातल्या विंडसर–टेकम्सी–लेकशोर या मतदारसंघात पुनर्मोजणी संपली तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारात फक्त चार मतांचं अंतर उरलं होतं. जिंकलेल्या उमेदवाराला तिकीट मिळालं होतं तेही मतदान चार आठवड्यांवर आलेलं असताना, कारण पक्षाला आधीच्या उमेदवाराचं तिकीट कापावं लागलं होतं. हा मतदारसंघ लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

नमस्कार मंडळी. २८ एप्रिल २०२५ला कॅनडात मतदान झालं. ओंटारिओ-क्युबेकचे निकाल यायला लागले तेव्हा आपल्याकडे २९ तारखेची सकाळ उजाडली होती. त्या दिवसापासून एकच वाक्य कानावर पडतं : ट्रम्प आले आणि काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पिएर पॉलिएव्ह यांच्या हातातली निवडणूक गेली. मला हे वाक्य अर्धवट वाटतं. उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्याला चटकन कळेल, कारण कॅनडाची निवडणूक पद्धत आपल्यासारखीच आहे. एका मतदारसंघातून एक खासदार, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो. जागा ३४३, बहुमताला हवेत १७२.

[पडद्यावर जनमत चाचण्यांचा आलेख]

जानेवारी २०२५ बघा. पॉलिएव्ह यांचा काँझर्व्हेटिव्ह पक्ष ४५ टक्क्यांच्या आसपास. सत्तेतला लिबरल पक्ष २०च्या घरात. घरभाडं, महागाई, नऊ वर्षांचा कंटाळा, सगळं पंतप्रधान जस्टिन ट्रूडोंच्या अंगावर आलेलं. डिसेंबरात त्यांच्या अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी राजीनामा दिला आणि ६ जानेवारीला ट्रूडोंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं.

पॉलिएव्ह यांचा सगळा प्रचार दोन खांबांवर उभा होता. एक ट्रूडो, दुसरा कार्बन कर, म्हणजे प्रदूषण कमी व्हावं म्हणून इंधनावर लावलेला कर. आता पुढचे दहा आठवडे बघा. ९ मार्चला मार्क कार्नी जवळपास ८६ टक्के मतांनी लिबरल पक्षाचे नेते झाले. हे गृहस्थ आधी बँक ऑफ कॅनडाचे आणि नंतर बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर, तोवर आयुष्यात एकही निवडणूक लढवलेली नव्हती. १४ मार्चला पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी सामान्य ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणायच्या आदेशावर सही केली. दोन्ही खांब गेले. २३ मार्चला निवडणूक जाहीर झाली, तोवर ट्रम्प रोज कॅनडाला ‘५१वं राज्य’ म्हणत होते आणि पोलादावर टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावून मोटारींवरही लावण्याची धमकी देत होते.

मतदारांच्या मनातला प्रश्नच बदलला. ‘ट्रूडोंना घालवायचं कसं’ हा प्रश्न मागे पडला. ‘ट्रम्पसमोर आपल्या वतीने कोण बसणार’ हा पुढे आला. दुकानांतून कॅनडियन मालाच्या पाट्या लागल्या आणि हॉकीतली ‘कोपरं वर’ (म्हणजे भिडायला तयार राहा) ही म्हण घोषणा झाली. पॉलिएव्ह यांना सूर बदलायला वेळ लागला. ही टीका विरोधकांची नाही; ओंटारिओ प्रांताचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांचा विजयी प्रचार चालवणारे कोरी टेनाइक, म्हणजे उजव्या बाजूचेच रणनीतीकार, हे प्रचार चालू असताना उघडपणे बोलले. घरचाच आहेर.

आता माझा मुख्य मुद्दा. निकालाचे आकडे नीट ऐका.

काँझर्व्हेटिव्ह, ४१.३ टक्के. आधीच्या २०२१च्या निवडणुकीत त्यांना ३३.७ मिळाले होते. १९८८नंतर कॅनडातल्या उजव्यांना एवढी टक्केवारी मिळालीच नव्हती. म्हणजे जो पक्ष ‘कोसळला’ असं आपण म्हणतो, त्याची मतं साडेसात टक्क्यांनी वाढली! कोसळला तो जगमीत सिंग यांचा डावा पक्ष, एनडीपी. १७.८ टक्क्यांवरून ६.३वर. जागा २५वरून ७. संसदेत अधिकृत पक्षाचा दर्जा हवा तर १२ खासदार लागतात, तेही राहिले नाहीत. सिंग स्वतः तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि त्यांनी त्याच रात्री नेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं. क्युबेकमध्ये तिथला प्रादेशिक पक्ष ब्लॉक क्युबेक्वा, त्याचीही मतं लिबरलांकडे सरकली, त्यांच्या जागा २२वर आल्या.

आपल्या भाषेत सांगायचं तर मतविभागणी थांबली. डावी मतं आजवर दोन-तीन घरांत वाटली जायची, ती भीतीपोटी एका छपराखाली आली. पॉलिएव्ह यांच्या रणनीतीचा पाया हाच होता की लिबरल आणि एनडीपी एकमेकांची मतं खातील आणि चाळीस टक्क्यांत आपलं मैदान मोकळं होईल. त्यांना चाळीसच्या वर मिळाले आणि तरी जागा आल्या १४४. लिबरलांना ४३.८ टक्के आणि १६९ जागा. बहुमताला तीन कमी.

एनडीपीबद्दल मला खरंच वाईट वाटतं. २०२२च्या करारातून ट्रूडो सरकार टिकवताना याच पक्षाने गरिबांसाठी दातांच्या उपचारांची सरकारी योजना पदरात पाडून घेतली. काम त्यांचं, आणि मतपेटीत त्याचं श्रेय त्यांना मिळालं नाही. आघाडीतल्या लहान पक्षांचं हे दुःख महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको.

आता उमेदवारांचे वाद. राष्ट्रीय टक्केवारी अशा वादांनी फारशी हलली नाही. एकेका जागेचा हिशोब मात्र त्यांनी बदलला असणार, असं माझं मत.

टोरंटोच्या उत्तरेला मार्कम–युनियनव्हिल. तिथले लिबरल खासदार पॉल चँग, माजी पोलीस अधिकारी. हाँगकाँग पोलिसांनी तिथल्या लोकशाहीसाठी बोलणाऱ्या जो टे या काँझर्व्हेटिव्ह नेत्यावर दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लावलं होतं. चँग चिनी भाषेतल्या माध्यमांसमोर बोलून गेले की टे यांना टोरंटोच्या चिनी वकिलातीत नेऊन दिलं तर इनाम मिळेल. एका परकीय सत्तेच्या दडपशाहीला कॅनडाच्या खासदाराने असं हलक्यात घ्यावं, हे भयंकर आहे. जी कुटुंबं हाँगकाँगमधून जीव मुठीत धरून आली, त्यांनी हे ऐकलं तेव्हा काय वाटलं असेल? चँग यांनी माफी मागितली. ३१ मार्चला कार्नी म्हणाले, उमेदवारी कायम राहील. त्याच रात्री, पोलीस या प्रकरणात लक्ष घालत असल्याचं कळल्यावर, चँग यांनी माघार घेतली. माझ्या मते कार्नींची त्या प्रचारातली ही सर्वांत मोठी चूक. तिकीट त्यांनी आधीच कापायला हवं होतं. पुढे काँझर्व्हेटिव्हांचे मायकल मा तिथून जवळपास दोन हजार मतांनी जिंकले.

आता परत विंडसर. समोर नदी, नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट. मोटार कारखान्यांचं शहर, टॅरिफची कुऱ्हाड थेट यांच्याच मानेवर. इथे काँझर्व्हेटिव्ह उमेदवार होते नगरसेवक मार्क मॅकेन्झी. २०२२च्या एका पॉडकास्टमध्ये ते सार्वजनिक फाशीच्या बाजूने बोलले होते. ते बाहेर आलं आणि पक्षाने त्यांना तात्काळ वगळलं. त्यांच्या जागी कॅथी बोरेली आल्या आणि लिबरल खासदाराला चार मतांनी हरवलं. मॅकेन्झींना ठेवलं असतं तर ही चार मतं हातात राहिली असती असं मला वाटत नाही. आणि ट्रम्पची सर्वांत जास्त झळ बसलेल्या गावाने लिबरलांना पाडलं, हेही विसरू नका. तिथला तरुण कामगार घराच्या किमतीकडे आणि कमी झालेल्या शिफ्टकडे बघत होता. बऱ्याच अंदाजांनी लिबरलांना बहुमत दिलं होतं. ते टोरंटोच्या उपनगरांत आणि अशा कामगार वस्त्यांत हुकलं.

[पडद्यावर ऑटवाचा नकाशा]

ऑटवात दोन शेजारी मतदारसंघ. नेपियनचे लिबरल खासदार चंद्र आर्य, जन्म कर्नाटकातला, संसदेत कन्नडमधून बोलून गाजलेले. पक्षाने त्यांचं तिकीट काढून घेतलं, मतदारांना नीट कारणही सांगितलं नाही, आणि तिथून कार्नी उभे राहून जिंकले. लागूनच कार्लटन, २००४पासून खासदार असलेल्या पॉलिएव्ह यांचा बालेकिल्ला. तिथे ९१ उमेदवार उभे राहिले, त्यातले बहुतेक निवडणूक पद्धतीच्या निषेधासाठी. मतपत्रिका जवळपास मीटरभर लांब. लिबरलांचे ब्रूस फॅनजॉय दोन वर्षं दारोदार फिरत होते. त्या भागात सरकारी नोकरदारांची वस्ती मोठी आणि पॉलिएव्ह नोकरशाही कमी करू म्हणत होते. ते चार हजारांहून जास्त मतांनी पडले. मग अल्बर्टातल्या एका सहकाऱ्याने जागा रिकामी केली आणि १८ ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत ८० टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ते संसदेत परतले.

आणि मार्कम–युनियनव्हिल? कॅनडात आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. एकटा खासदार उठून समोरच्या बाकावर बसू शकतो, खासदारकी जात नाही. ११ डिसेंबर २०२५ला मायकल मा काँझर्व्हेटिव्ह पक्ष सोडून लिबरलांकडे गेले. जी जागा लिबरलांनी एप्रिलमध्ये गमावली होती, ती मार्कमच्या एकाही मतदाराला न विचारता त्यांच्याकडे परत आली.