खमंग दाण्यातील प्रथिन

दादर स्थानकाबाहेर तापलेल्या वाळूत शेंगदाणे परतणाऱ्या चणेवाल्याचा झारा क्षणभरही थांबत नाही. चाळणीतून वाळू गळते आणि खमंग दाणे कागदाच्या पुडीत पडतात. हा खमंगपणा उष्णतेने प्रथिने आणि शर्करा यांच्यात घडणाऱ्या मायार अभिक्रियेतून येतो. आच लागली की प्रथिने निकामी होतात, हा स्वयंपाकघरातला समज मात्र येथे फसवा ठरतो. भाजलेल्या दाण्यांतील काही प्रथिनांना ॲलर्जीची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) अधिकच चिकटतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

ही प्रथिने म्हणजे खरे तर उगवणाऱ्या रोपासाठी बियाण्यात बांधून ठेवलेली शिदोरी. त्यांपैकी ‘अॅरा एच २’ सर्वांत उपद्रवी मानले जाते. आकाराने लहान असलेले हे प्रथिन गंधकाच्या चार बंधांनी जागोजागी टाके घातल्यासारखे घट्ट आवळलेले असल्यामुळे जठरातील पेप्सिन हे पाचक विकर ते कुरतडते खरे, पण त्याचा गाभा शाबूत राहतो.

काही जणांचे शरीर या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार करते. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहानसन व बेनिख यांनी या प्रतिपिंडाचा छडा लावला. त्वचा, आतडे आणि श्वसनमार्ग यांतील, हिस्टामिनसारखी दाहक रसायने साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींवर आयजीई दबा धरून बसते. तोवर काहीही जाणवत नाही. पुढे दाणा पोटात गेल्यावर प्रथिनाचा एकच रेणू शेजारच्या दोन आयजीईंना एकाच वेळी पकडतो. एकालाच चिकटून भागत नाही. दोघांना जोडणारा हा पूलच पेशीला इशारा देतो. त्यासरशी हिस्टामिन बाहेर पडते, ओठ सुजतात, श्वासनलिका आवळतात आणि रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळू शकतो. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन तातडीने दिले जाते, ते या शेवटच्या दोन गोष्टी उलटवण्यासाठीच.

मराठी घरात हा दाणा सहसा दाणा म्हणून समोर येतच नाही. खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यांत तो कूट होऊन मिसळलेला असतो. रिफाइंड शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात मात्र ते राहू शकते.

पावसाळ्यात हातगाडीवर मिळणाऱ्या उकडलेल्या शेंगांची गोष्ट थोडी निराळी आहे. उकळताना काही प्रथिने पाण्यात उतरत असल्याने त्या दाण्यांना आयजीई कमी चिकटते. तरीही ॲलर्जी असलेल्याने त्या खाऊन पाहू नयेत, आणि पातेल्यातले ते तपकिरी पाणी तर मुळीच निरुपद्रवी समजू नये.