बांधलेला घोडा कधी सुटतो?

(पुण्यात मुलांच्या बुद्धिबळ शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलांनो, आणि मागं बसलेल्या आईबाबांनो, भिंतीवरचा पट सगळ्यांना दिसतोय ना? आज एकच कोडं सोडवायचं आहे. फक्त घाई नको.

पटावरच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८; नुसतं घराचं नाव घेतलं, की प्यादं तिथं गेलं असं समजा. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं ई-४ वर आणलं, काळ्यानं ई-५ वर. पांढरा घोडा एफ-३ वर आला आणि ई-५ च्या प्याद्यावर जोर दिला. काळ्यानं डी-६ खेळून ते राखलं. मग पांढरा उंट सी-४ ला, काळा उंट जी-४ ला. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी-३ ला, आणि काळ्यानं एच-६ अशी एक सुस्त खेळी केली. आता पांढऱ्याची पाळी.

एफ-३ वरचा घोडा बांधला गेला आहे. तो हलला की काळा उंट थेट वजीर खाणार. म्हणून आपण मनातल्या मनात त्या घोड्याला खुंटीला बांधून टाकतो आणि दुसरीकडे बघायला लागतो. मला ही चूक फार मोलाची वाटते. वजीर जाईल म्हणून घोडा हलत नाही, ही भीती आहे. तो नियम नाही. राजापुढचा घोडा बांधलेला असेल तर तो नियमानंच हलवता येत नाही. वजिरापुढचा हलवता येतो.

तर घोड्यानं ई-५ चं प्यादं घ्या. काय होईल? पुढच्या रांगेतून लगेच उत्तर आलं, 'सर, उंटानं वजीर खाईन.' खा. आता सी-४ च्या उंटानं एफ-७ चं प्यादं घेऊन शह. त्या उंटामागं ई-५ चा घोडा उभा आहे, त्यामुळे राजाला उंट मारता येत नाही. डी-७ वरही त्याच घोड्याचा पहारा. राहिलं एकच घर, ई-७. राजा तिथं आला की दुसरा घोडा सी-३ वरून डी-५ ला, आणि मात. पटावर काळ्याचा वजीर आहे, पांढऱ्याचा नाही, आणि डाव संपला! दोन घोडे आणि एका उंटानं राजाला सगळीकडून कोंडलं.

ही मात लेगालच्या नावानं ओळखली जाते. अठराव्या शतकातला हा पॅरिसचा खेळाडू, नामवंत बुद्धिबळपटू फिलिडोरचा गुरू.

टाळ्या वाजवल्यात, छान. पण कोडं अजून सुटलेलं नाही. काळ्यानं वजीर खाल्लाच नाही तर? त्यानं शांतपणे डी-६ च्या प्याद्यानं घोडा मारला तर? मग आपण वजिरानं जी-४ चा उंट उचलतो. हिशोब करा: घोडा गेला, उंट आणि प्यादं आलं. एक प्यादं वर. मात नाही, टाळ्या नाहीत, पण या बलिदानाचा खरा आधार हीच रुक्ष ओळ आहे. समोरचा चुकला तर मात आणि चुकला नाही तरी आपलं नुकसान नाही, तेव्हाच घोडा सोडायचा.

हे मी पटावर हरून शिकलो. शाळेत असताना एका स्पर्धेत हीच रचना आली, फरक एवढाच की काळ्यानं एच-६ ऐवजी घोडा सी-६ वर काढला होता. मला मात दिसली आणि दुसरं काही दिसेना. घोडा ई-५ वर आदळला. समोरच्या मुलानं बराच वेळ पटाकडे बघितलं आणि सी-६ च्या घोड्यानं माझा घोडा खाल्ला. तो घोडा ई-५ वरून जी-४ चा उंट राखतो. मी वजिरानं उंट घ्यावा तर वजीरच जाणार. एका प्याद्याच्या बदल्यात घोडा गेला. घरी येताना लक्ष्मी रस्ता कधी संपला ते कळलं नाही.

आणि तिथंही एक साधी खेळी होती. आधी एच-३. उंट एच-५ ला सरकला, की मग घोड्यानं ई-५ घ्या. काळ्यानं घोड्यानं घोडा खाल्ला तर आता एच-५ चा उंट उघडा आहे, कारण ई-५ वरून घोड्याची अडीच घरं तिथं पोचत नाहीत. वजिरानं उंट घ्या. काळा घोडा सी-४ चा आपला उंट खाईल. मग वजीर बी-५ वर, राजाला शह आणि सी-४ च्या घोड्यावर जोर, दोन्ही एकदम. घोडा परत मिळतो आणि प्यादं वर राहतं. उंट एक घर सरकला, एवढ्यानं चूक असलेलं बलिदान बरोबर झालं. मला या एका घराचं अजूनही अप्रूप वाटतं.

पुण्याला पहिला ग्रँडमास्टर २००० साली मिळाला, अभिजित कुंटे. आज तुमच्या हातातल्या मोबाइलवर रोज हवी तितकी कोडी येतात, ही मोठी चैन आहे. पण तिथं 'पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो' असं कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं. स्पर्धेत तुमच्या खांद्यावर टकटक करून आता घोडा द्यायचा, असं कोणी सांगत नाही. म्हणून कोडं सोडवतानाही समोरच्याची सगळ्यात कंटाळवाणी, सगळ्यात शहाणी खेळी शोधा आणि तिचं उत्तर वहीत लिहा. मात देणारी ओळ नंतर.

आता घोडामैदान जवळच आहे. जोडीजोडीनं पट मांडा. पहिलीच रचना, पण काळ्यानं एच-६ ऐवजी घोडा एफ-६ वर काढलेला. घोडा ई-५ वर द्यायचा की नाही? डी-५ कडे नीट बघा. दहा मिनिटं आहेत.