शेवटचा हात कुठं लागला होता?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आयटीआयची मुलं आणि गावातले गाडीवाले यांच्यापुढं झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)

मंडळी, घरी गाडी खोलणाऱ्या माणसाला नावं ठेवायला मी इथं आलेलो नाही. आपल्याकडं विहिरीतली मोटर शेतकरी स्वतः काढतो, फवारणीच्या पंपाचे वायसर स्वतः बदलतो, ट्रॅक्टरचं ऑइल बांधावर बदलतो. घाटंजी-आर्णीकडच्या एखाद्या खेड्यातून कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तो कुणालाच परवडत नाही. त्यामुळं माणूस पाना हातात घेणारच, आणि त्यानं तो घ्यावा. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या गोष्टीवर. दुरुस्ती झाली, गाडी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती चालता चालता बंद पडायला लागली. आता काय करायचं?

बहुतेक जण नवा आजार शोधायला निघतात. प्लग बदलतात, कॉइल आणतात, कुणी सांगितलं की टाकीतला पंपही बदलायची तयारी करतात. थांबा. दुरुस्तीच्या आधी जी गाडी बंद पडत नव्हती आणि दुरुस्तीनंतर पडायला लागली, तिचं कारण बहुतेक वेळा जिथं हात लागला त्याच वीतभर जागेत असतं. म्हणून माझ्याकडं अशी गाडी आली की ‘काय बदललं?’ एवढं विचारून मी सोडत नाही. तिथवर पोचायला वाटेत काय काय काढलं, ते विचारतो. एअर फिल्टर बदलला म्हणणारा माणूस फिल्टरचंच नाव घेतो. पण डबा उचलायला त्यानं एक सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरची जोडणी, काढलेला असतो, एक पाईप बाजूला सारलेला असतो, कुठं तरी अर्थिंगच्या वायरचा बोल्ट सैल केलेला असतो. बिघाड त्या नाव न घेतलेल्या वस्तूत सापडतो.

एक गाडी सांगतो. मे महिन्यात एक तरुण आला, पेट्रोलची लहान कार घेऊन. म्हणाला, “सर, ब्रेकर आला, पाय काढला का बंदच पडून राहिली. रेस देली का मंग बरोबर चालते. काहून होते समजून नाही राहिलं.” व्हिडिओ पाहून त्यानं थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनाकडं जाणारी हवा पाकळीनं कमी-जास्त करणारा भाग, काढून साफ केली होती. काम खरंच स्वच्छ केलं होतं, कार्बनचा डागही नव्हता. त्यानंतर गाडी बंद पडायला लागली म्हणून प्लग घातले, मग कॉइल घातली. फरक शून्य.

त्याच्या बोलण्यातच अर्धं उत्तर होतं. रेस दिल्यावर गाडी बरोबर चालते आणि पाय काढला की बंद पडते, म्हणजे पेट्रोल पोचतंय, स्पार्क मिळतोय. बिनसतंय ते आयडलिंगला, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा. पेट्रोल नीट जळायला वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. त्या गाडीत इंजिनकडं जाणारी हवा एक सेन्सर मोजतो आणि कॉम्प्युटर त्या मापानं पेट्रोल सोडतो. सेन्सरच्या पुढं कुठं फट पडली तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. रेस दिल्यावर इंजिन इतकी हवा ओढतं की ही चोरवाटेची हवा त्यात जाणवत नाही. आयडलिंगला मात्र इंजिनाची एकूण हवाच थोडी, त्यात ही भर मोठी ठरते.

मी बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली, एकाला हलकी रेस धरून ठेवायला सांगितली आणि ऐकलं. बारीक ‘सूं’ येत होतं, पण कुठून ते कळेना. मग साबणाचं पाणी एका फवारणीच्या बाटलीत भरून मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडं हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, आजूबाजूला, एकेका जोडावर थोडं थोडं मारलं. थ्रॉटल बॉडीच्या खाली बोटाएवढा जाड एक रबरी पाईप मॅनिफोल्डवर बसतो. इंजिनाच्या आतली वाफ परत ओढून घेणारा पाईप तो. त्याच्या वळणावर पाणी पडलं आणि आवाज क्षणभर थांबला, इंजिन सावरलं. पाणी आत ओढलं गेलं, पुन्हा ‘सूं’ सुरू. वरून पाहिलं तर पाईप जागेवर, क्लिपही घट्ट. खालून बोट फिरवलं तेव्हा नखाएवढी चीर लागली. आपल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा, बॉनेटखालचं जुनं रबर कडक होऊन बसतं. थ्रॉटल बॉडी काढताना त्यानं तो पाईप वाकवून बाजूला केला असणार, आणि वाकवताना तो खालून चिरला. पाईप बदलला, काम झालं. प्लगही जुने चालले असते, कॉइलही.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ही गळती शोधायला पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारणारे लोक मी पाहिलेत. गरम इंजिनावर, चालू गाडीत, हे आगीला बोलावणं आहे. साबणाचं पाणी पुरतं, तेही कपलर आणि वायरिंग वाचवून. नाहीतर संशय असलेला पाईप कापड गुंडाळून पकडीनं हळूच दाबा आणि आवाज बदलतो का बघा. पंख्यापासून हात लांब ठेवा, तो न सांगता फिरायला लागतो.

सगळ्या गाड्या मात्र सारख्या वागत नाहीत. बऱ्याच लहान गाड्यांत हवा थेट मोजतच नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशेब करतात. तिथं अशी गळती झाली तर आयडलिंग उलट वाढतं, वरखाली होतं. म्हणून आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी माहीत करून घ्या, मग शेजाऱ्याच्या गाडीचा अनुभव लावा.

आता बॅटरी. पुष्कळ जण कामाआधी बॅटरीची मायनस वायर काढतात. सवय चांगली आहे, सोडू नका. पण पुष्कळ गाड्यांमध्ये त्यानं कॉम्प्युटरची शिकलेली आठवण पुसली जाते. थ्रॉटलच्या पाकळीभोवती जसजसा कार्बन चढतो, तसतसा कॉम्प्युटर आयडलिंगला ती पाकळी किंचित जास्त उघडायला शिकत जातो. आठवण पुसली आणि कार्बन तसाच राहिला, तर पाकळी नव्या गाडीइतकीच उघडते, हवा पुरत नाही आणि गाडी बंद पडते. उलट कार्बन साफ केला आणि आठवण जुनीच राहिली, तर आयडलिंग चढं राहतं. दोन्हीवर इलाज एकच, गाडीला पुन्हा शिकू देणं. त्याची रीत कंपनीच्या पुस्तकात असते. साधारणपणे एसी, दिवे बंद ठेवून इंजिन पुरतं गरम होईपर्यंत आयडलिंगला चालवायचं, मग एसी लावून आणखी थोडा वेळ. काही गाड्यांना स्कॅनरच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्रच, लागतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत स्क्रू फिरवून ‘स्लो’ वाढवता यायचा. ती सवय इंजेक्शनच्या गाडीवर चालवू नका, थ्रॉटलचा अडवा स्क्रू फॅक्टरीत लावलेला असतो. आणि केबलऐवजी इलेक्ट्रिक मोटरवर चालणाऱ्या थ्रॉटलची पाकळी स्क्रूड्रायव्हरनं ढकलून साफ करू नका, आतले दाते प्लास्टिकचे असू शकतात.

खड्ड्यात आपटली की बंद आणि लगेच सुरू, असं होत असेल तर हवा-पेट्रोल सोडून वायरकडं जा. बॅटरीचं टर्मिनल हातानं फिरतंय का पाहा. मग मल्टिमीटर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. गंज घासा, रंग खरवडा, बोल्ट कसा.

डिझेलच्या जीपा आपल्याकडं भरपूर, त्यांचं दुखणं वेगळं. डिझेल फिल्टर बदलला, गाडी मिनिटभर चालली आणि बंद. यात हवा धरलेली असते. हँड प्रायमर, म्हणजे हातानं दाबायचा छोटा डिझेल पंप, कडक होईपर्यंत दाबून हवा काढली तरी पुन्हा तेच होत असेल, तर गळती टाकी आणि पंपाच्या मधल्या, ओढणाऱ्या बाजूला आहे. तिथं फसगत अशी होते की माणूस ओला डाग शोधत बसतो. ओढणाऱ्या बाजूची फट चालत्या गाडीत डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत घेते, म्हणून जागा कोरडी दिसते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, हे फार वेळा होतं. पारदर्शक पाईपचा तुकडा मध्ये जोडून बुडबुडे पाहिले की खात्री पटते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, मात्र पंपाच्या पुढच्या, इंजेक्टरकडं जाणाऱ्या नळ्यांना चालू इंजिनात पाना लावायचा नाही. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. त्या जखमेला सुईच्या टोचण्याएवढी समजून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा.

गाडी आधी अंगणात, मग गावच्या रस्त्यावर तपासा. पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकांच्या मधे ती बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. असं झालंच तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या. गावात रात्री कुणाला सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला न्यायचं असतं तेव्हा दोन-तीनच गाड्या हाताशी असतात. त्यातली एक कधी बंद पडेल याचा भरवसा नसणं मला फार गंभीर वाटतं, आणि इतकं खोलात बोलतोय ते त्यासाठीच.

आणि शेवटी मेकॅनिककडं न्यायची वेळ आली तर लपवू नका. “कोणीच हात नाही लावला” हे वाक्य मी रोज ऐकतो. रागावतील, जास्त पैसे घेतील, या भीतीनं लोक तसं बोलतात. पण त्या एका वाक्यानं तपासणी चुकीच्या टोकापासून सुरू होते आणि बिल तुमचंच वाढतं. मुलांनो, उद्या तुम्ही गॅरेज टाकाल. घरी खोलून आणलेल्या गाडीच्या मालकाला चारचौघांत हसू नका. हसलात की पुढच्या वेळी तो खरं सांगणार नाही.

(एका श्रोत्यानं विचारलं: मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेतलाय, बिघाडाचा कोड पुसला की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा जातो, मग गाडी बरी झाली असं समजायचं का?)

नाही. दिवा गेला म्हणजे नोंद गेली. पी ०१७१ आला तर मिश्रण पातळ आहे, इतकंच तो सांगतो. ऑक्सिजन सेन्सर बदला असं तो म्हणत नाही. हवेची गळती, मळलेला हवेचा सेन्सर, पेट्रोलचा कमी दाब, तिन्हींनी तोच कोड येतो. पुसण्याआधी कोडचा फोटो काढा, सोबत इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं याची नोंद असते, तिचाही काढा. तुमची गाडी बाहेरच आहे ना? अजून काही पुसू नका, आता खाली जाऊन आधी पाईप पाहू.