नुसता उजेड वाढवून गाडी दिसत नाही ओ!

नोव्हेंबर लागला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर सगळीकडं ऊस हलतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट असेलच याची गॅरंटी नाही, आणि त्याच रस्त्यानं अंधार पडल्यावर शिफ्ट सुटलेले बाईकवाले घरी निघालेले असतात. समोरच्या ट्रक ड्रायव्हरला त्यातलं काय दिसतं? एक ठिपका. तो लांब आहे का जवळ, बाईक आहे का एक लाईट गेलेला टेम्पो, कळायला मार्गच नाही.

मग आपली पोरं काय करतात, बाजारातनं सगळ्यात जास्त वॅटचा पांढराफेक एलईडी बल्ब आणतात आणि हॅलोजनच्या जागी ठोकतात. आता हे बघा, हेडलाईटच्या आतला रिफ्लेक्टर त्या जुन्या बल्बच्या तारेची जागा धरून बनवलेला असतो, एलईडीच्या चिप त्या जागेवर नेमक्या बसल्या नाहीत की उजेड वर, आजूबाजूला, सगळीकडं फाकतो. समोरच्याचे डोळे दिपतात, तुमचा इंडिकेटर त्या झगमगाटात बुडतो, आणि ठिपका तो ठिपकाच, फक्त मोठा. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन चालू झालं की हेडलाईट आपोआप लागतो, दिवसा त्याचा फायदा आहेच, पण रात्री अंतराचा अंदाज त्यानं येत नाही.

अंदाज येतो तो आकारावरनं. लेगगार्डवर खाली, दोन्ही बाजूला जितके लांब बसतील तितके लांब, दोन छोटे फॉग लाईट लावले की हेडलाईट धरून त्रिकोण होतो. गाडी जवळ येईल तसा तो त्रिकोण फाकत जातो, आणि समोरच्याला कळतं की बाबा, ही आली. तोंड मात्र खाली पाहिजे हं. गाडी भिंतीपासून 25 फुटांवर लावा, कुणाला तरी सीटवर बसवा, हेडलाईटच्या उंचीला भिंतीवर खडूनं रेघ ओढा, डिपरचा झोत रेघेच्या खाली पडला पाहिजे आणि फॉगचा त्याच्याही खाली.

वायरिंग करताना हेडलाईटची वायर सोलून तिथंच जोड मारणारे लई भेटतील. ऐकू नका. चार पिनांचा रिले घ्या, म्हणजे छोट्या करंटवर मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच: त्याच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीकडनं फ्यूज घालून वायर, 87 वरनं लाईटला, 85 आणि 86 पैकी एकाला स्विचकडनं वायर, दुसऱ्याला अर्थ. असं केलं की लाईटचा लोड हँडलवरच्या नाजूक स्विचवर येत नाही, वायर जोडणारा प्लास्टिकचा कपलर वितळत नाही.

पण खरं सांगू काय, पैसे कमी असतील तर समोरचं राहू दे, आधी मागं बघा. साध्या बल्बची तार तापून पेटायला वेळ घेते, एलईडी ब्रेकलाईट साधारण एक पंचमांश सेकंद आधी लागतो. वेळ काहीच नाही वाटत, पण ताशी 60 नं मागनं येणारी गाडी तेवढ्यात तीन मीटरपेक्षा जास्त पुढं सरकते. इंडिकेटरला एलईडी घातले आणि ते पटपट पटपट मारायला लागले तर घाबरू नका, इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला लोड कमी पडतोय, एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा.

आणि रेडियम, म्हणजे उजेड परत फेकणारी चमकपट्टी! मागं लाल, पुढं पांढरं. त्याला बॅटरी नको, वायर नको, ज्या गाडीचा उजेड पडला त्याच गाडीकडं तो परत फेकतो, त्यामुळं टेललाईट गेला तरी तुम्ही दिसता. रिमला गोल पट्टी मारली तर आडव्या रस्त्यावरनं येणाऱ्यालाही फिरतं चाक दिसतं, शेतातनं हायवेला चढताना हे लई कामाचं. फक्त पावसाळ्यात जांबोटीकडनं चोर्ला घाटात जाताना धुकं आणि चिखल दोन्ही असतात, तिथं थांबून मागची काच आणि पट्टी पुसावी लागते.

लुकलुकणारा हेडलाईट, लाल-निळे पट्टे, हे नको. पोलीस अडवतील ते वेगळं, लुकलुकणाऱ्या लाईटचं अंतर डोळ्याला पकडताच येत नाही.

सगळं बसवून झालं की मित्राला कारमध्ये बसवा, लांब जाऊन त्याच्याकडं गाडी चालवत या, इंडिकेटर टाका. त्याला इंडिकेटर दिसला नाही तर फॉग अजून खाली करा, इंडिकेटरपासून लांब सरकवा आणि परत एकदा या.