मिलफय: खुसखुशीत थर, गार क्रीम

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्समधल्या मिठाईच्या दुकानांत काचेआड हमखास दिसणारा पदार्थ म्हणजे मिलफय. पापुद्र्यांचे तीन थर आणि त्यांच्यामध्ये क्रीमचे दोन, एवढीच त्याची रचना. तो घरी नक्की जमतो, पण खायच्या वेळी पापुद्रा कुरकुरीत हवा. सगळी मेहनत त्यासाठीच.

पाव किलो मैदा, चिमूटभर मीठ आणि गार पाणी घालून गोळा मळा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. मग त्याची चौकोनी पोळी लाटून त्यात 200 ग्रॅम गार बटरची चपटी लादी गुंडाळा. लांबट लाटून तिहेरी घडी घाला. अशा सहा घड्या घातल्या की बटरचे 729 थर होतात. दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीज हवाच. चिरोट्याला आपण साटा लावतो, इथे ते काम बटर करतं. फक्त ते वितळून पिठात मुरता कामा नये. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर उचलते. लाटताना बटर वितळू नये म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावं.

लाटलेल्या पोळीला काट्याने टोचा, वर दुसरा ट्रे दाबून ठेवा आणि 200 अंशांवर भाजा. शेवटी पिठीसाखर भुरभुरून पुन्हा चकाकी येईपर्यंत भाजा. रंग चांगला तपकिरी येऊ द्या. फिकट पापुद्रा आतून कच्चा राहतो आणि लगेच मऊ पडतो.

क्रीमसाठी अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचे बलक, 100 ग्रॅम साखर, 45 ग्रॅम कॉर्नफ्लोर आणि व्हॅनिला घ्या. मिश्रण सतत ढवळत शिजवा. घट्ट झालं म्हणून लगेच उतरवू नका, बुडबुडे आल्यावरही मिनिटभर उकळू द्या. बलकातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कॉर्नफ्लोरचा घट्टपणा मोडतं. नीट उकळल्यावरच ते निकामी होतं. नाहीतर फ्रीजमधून काढल्यावर क्रीम पातळ झालेलं दिसतं. गार करताना कागद क्रीमला टेकवून झाका, म्हणजे साय धरणार नाही.

पाहुणे यायच्या तासभर आधीच थर रचा, आदल्या रात्री अजिबात नको. क्रीमचा ओलावा पापुद्र्यात शिरायला फार वेळ लागत नाही. पापुद्रे रचण्याआधीच सारख्या आकारात कापून ठेवा. अख्खं मिलफय कापायचंच असेल, तर ते आडवं पाडून दातेरी सुरीने, न दाबता, करवतीसारखं कापा.